किड ग्लीसन : ३८ सामने जिंकणारा पिचर सेकंड बेसवर का गेला?

डावखुरा :
मंडळी, आमचे चिरंजीव इथे अमेरिकेत, साउथ जर्सीत लिटल लीग (मुलांचं बेसबॉल) खेळतात, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर घरात दुसरा विषय नसतो. परवा तो फिलीजचे (फिलाडेल्फियाच्या संघाचे) जुने विक्रम चाळत बसला होता. एका हंगामात सर्वाधिक विजय मिळवणारा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) कोण, तर साल १८९०, विजय ३८, नाव किड ग्लीसन. मूळ नाव विल्यम जेथ्रो ग्लीसन, जन्म १८६६ आणि गाव कॅम्डन, म्हणजे आमच्या शेजारचंच. मग काय, दोघंही बसलो खोदत.

चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. पाच वर्षांनी हाच माणूस पिचिंग सोडून बाल्टिमोरकडून सेकंड बेसला, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ क्षेत्ररक्षणाला उभा! पुढची दहा-बारा वर्षं सेकंड बेसलाच. त्यानंतर कोच आणि शेवटी १९१९ च्या शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर. हो, तोच संघ, ज्यातल्या आठ जणांवर वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) विकल्याबद्दल कायमची बंदी आली.

मुलाचा प्रश्न साधा आहे आणि मला उत्तर देता आलेलं नाही. इतका जिंकणारा पिचर पिचिंग का सोडतो? खांदा गेला म्हणावं तर सेकंड बेसवरूनही चेंडू फेकावाच लागतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टकाटक :
एका हंगामात ३८? बाकीचे पिचर संपावर गेले होते का?

स्कोअरबुक :
टकाटक, गंमत म्हणून लिहिलंत, पण जवळपास तसंच होतं. मालकांनी पगारावर मर्यादा घातली आणि खेळाडूला दुसरीकडे जायची मुभा नाही, म्हणून १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली, प्लेयर्स लीग. नॅशनल लीगमधले बरेच नावाजलेले लोक तिकडे गेले. फिलाडेल्फियाचा अनुभवी पिचर बफिंटन गेला, पुढे दंतकथा बनलेला डेलाहँटी गेला. ग्लीसन राहिला. त्याआधीच्या दोन हंगामांत त्याची कामगिरी ७ विजय-१६ पराभव आणि ९-१५ अशी होती, म्हणजे संघात टिकला हेच नशीब. आणि मग एकदम ३८-१७. संघाने त्या वर्षी जिंकलेल्या सामन्यांपैकी जवळजवळ निम्मे त्याच्या नावावर आहेत.

प्लेयर्स लीग एका हंगामात गुंडाळली गेली. १८९१ ला मंडळी परतली, तेव्हा ग्लीसनचा हिशोब २४-२२.

माईणमुळा :
म्हणजे वर्गातली हुशार मुलं गैरहजर असताना पहिला नंबर. ओळखीचं वाटतंय मला हे. :)

निळी_छत्री :
मी शनिवार-रविवार मुलांच्या संघाला शिकवते, म्हणून पिचरची बाजू घेते. गैरहजेरीचं सोडा, त्या हंगामात त्याने किती इनिंग (एका सामन्यात नऊ असतात) टाकल्या बघा : ५०६. आजकाल हंगामात २०० इनिंग टाकणारा सापडला तर त्याच्या हाताचा विमा उतरवतात. १८९० ते १८९३ या चार वर्षांत मिळून ग्लीसनने साधारण १७०० इनिंग टाकल्या. आणि माणूस किती उंच, तर पाच फूट सात इंच! 'किड' हे नाव अंगकाठीवरूनच पडलेलं. इतक्या लहान चणीचा पिचर आज पहिल्या चाचणीतच घरी पाठवतील.

तर डावखुरा, माझं उत्तर सरळ आहे : हात झिजला. सेकंड बेसवरून पहिल्या बेसला टाकायचा चेंडू जवळचा असतो, मनगटाच्या झटक्यावर जातो. पिचरचा खांदा आणि कोपर संपलेल्या माणसालाही ते जमतं. आमच्या संघात कोपर दुखतंय म्हणणारा मुलगा आला की मीही त्याला थोडे दिवस तिथेच उभा करते.

स्कोअरबुक :
छत्रीताई, हात झिजला हे निम्मंच उत्तर. १८९४ मध्ये तो सेंट लुईसहून हंगामाच्या मध्यात बाल्टिमोर ओरिओल्सकडे आला आणि तिथे १५ जिंकून फक्त ५ हरला. संपलेल्या हाताचा माणूस १५-५ करत नाही.

मोठं कारण १८९३ चा नियम. माउंडचं (पिचर उभा राहतो त्या जागेचं) फलंदाजापासूनचं अंतर ६० फूट ६ इंच झालं ते त्या वर्षी, आणि आजही तेवढंच आहे. पूर्वी पिचर आखलेल्या चौकटीत उभा राही, तिची पुढची रेघ ५० फुटांवर. त्यामुळे 'पन्नासवरून साठ' असं सर्रास लिहितात, पण पिचरचा मागचा पाय चौकटीच्या मागच्या रेघेवर, म्हणजे ५५ फूट ६ इंचांवर असे. खरी वाढ पाच फुटांची. पण पाच फूटही पुष्कळ झाले. शिवाय आता चौकटीत इकडेतिकडे सरकायची सोय गेली, पाय एकाच पट्टीला चिकटवून टाकायचं. वर्षभरात, १८९४ मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी .३०९ वर गेली. (क्रिकेटवाल्यांसाठी : दहा वेळा बॅट घेऊन तीनदा हिट म्हणजे उत्तम फलंदाज. तेव्हा ही सगळ्यांची मिळून सरासरी होती.) ग्लीसन दर नऊ इनिंगला देत असलेले रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले वगळून) १८९२ मध्ये ३.३३ होते, १८९३ मध्ये ४.६१ झाले.

रानजाई :
नियमाने सगळेच पिचर मारले गेले, पण सगळे काही सेकंड बेसला गेले नाहीत. याला तिथे जागा मिळाली हे महत्त्वाचं. बाल्टिमोरचा नेहमीचा सेकंड बेसमन हेनी राइट्झ १८९५ मध्ये जायबंदी झाला, म्हणून ग्लीसनला उभा केला. तो लागला मारायला, .३०९ ने. मग कोण हलवतंय!

टकाटक :
त्या वर्षी सगळेच मारत होते हो, आत्ताच वर वाचलं.

रानजाई :
मारू देत की. पिचर म्हणून तो दोन-तीन दिवसांआड खेळणार, सेकंड बेसला रोज. मालकाच्या दृष्टीने कोणता सौदा बरा ते तुम्हीच ठरवा.

वसंतकाका_नाशिक :
मला बेसबॉल कळत नाही, पण धागा वाचतोय. एक शंका. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे हॉटेलचं बुकिंग आणि खेळाडूंचं सामान बघणारा गृहस्थ. ग्लीसन मॅनेजर झाला म्हणजे नेमकं काय झाला?

स्कोअरबुक :
काका, तिथे मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने, पिचर कधी बदलायचा, सगळं तोच ठरवतो. कोच त्याच्या हाताखाली. क्रिकेटमधला कर्णधार मैदानाबाहेर बसवला तर जे होईल ते.

आणि काका, तुमच्यासाठी खास : ग्लीसनचा पहिला मॅनेजर हॅरी राइट हा मुळात क्रिकेटपटू. जन्म इंग्लंडातल्या शेफील्डचा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेट खेळायचा. पुढे १८६९ मध्ये त्याने सिनसिनाटीत पहिला उघडपणे व्यावसायिक बेसबॉल संघ उभा केला, आणि १८८४ ते १८९३ फिलाडेल्फियाला मॅनेजर होता. ग्लीसनला १८८८ मध्ये संधी मिळाली ती याच्याच हाताखाली.

वसंतकाका_नाशिक :
वा! मग फिलाडेल्फियाचा विषय निघालाच आहे तर बार्ट किंगला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्लीसनच्याच काळातला, त्याच शहरातला. आधी बेसबॉल खेळला, मग क्रिकेटकडे वळला आणि पिचरची हवेत चेंडू वळवण्याची कला गोलंदाजीत घेऊन आला. १८९७ च्या इंग्लंड दौऱ्यात ससेक्सविरुद्ध १३ धावांत ७ बळी, आणि त्यात आपल्या रणजींचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा! १९०८ मध्ये ८७ बळी, सरासरी ११.०१, इंग्लंडच्या अख्ख्या मोसमात सगळ्यांच्या वर. अमेरिकन माणूस! आणि आपल्याकडे विचारा कोणाला नाव.

माईणमुळा :
काका, पहिल्या चेंडूवर रणजी? हे आजोबांना कळलं असतं तर त्यांनी अमेरिकेशी संबंधच तोडले असते.

शिकागोकर :
गाडी जरा १९१९ कडे वळवतो. जुनं कॉमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडलं, नवं मैदान रस्त्यापलीकडे. जुन्याचा होम प्लेट (फलंदाज उभा राहतो तिथली पट्टी) जिथे होता तिथे आता पार्किंग आहे आणि जमिनीत संगमरवरी प्लेट बसवलेली आहे. सामन्याच्या दिवशी आजूबाजूला गाड्या, शेगड्या, सॉसेजचा धूर. एकदा एका आजोबांनी त्या प्लेटवर बर्फाची पेटी ठेवली होती. मी वाकून वाचायला लागलो, तर पेटी सरकवून म्हणाले, बघ बाबा, बघ.

ग्लीसनच्या संघाच्या घरच्या फलंदाजांनी तिथेच बॅट फिरवली. पण ज्या चेंडूची सगळे चर्चा करतात तो सिनसिनाटीत पडला. १ ऑक्टोबर १९१९, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, सिनसिनाटी रेड्सचा पहिला फलंदाज मॉरी रॅथ. ग्लीसनच्या हुकमी पिचरने, एडी सिकॉटने, दुसराच चेंडू रॅथच्या पाठीत मारला. जुगाऱ्यांना तीच खूण होती : सौदा पक्का. सामना ९-१ ने गेला. आदल्या दिवशी सिकॉटला हॉटेलात दहा हजार डॉलर पोचले होते. त्या मोसमात त्याच्या नावावर २९ विजय होते.

ग्लीसनचं मॅनेजर म्हणून हे पहिलंच वर्ष! आधी त्याच संघाचा कोच होता. १९१२ मध्ये तर पंचेचाळिसाव्या वर्षी कोच असतानाच पुन्हा एकदा मैदानातही उतरला होता. १९१८ चा हंगाम मात्र मालक कॉमिस्कीशी पैशावरून बिनसल्यामुळे घरी बसून काढला. वर्षअखेर कॉमिस्कीनेच बोलावून मॅनेजर केलं आणि पहिल्याच फटक्यात ८८-५२ ने अमेरिकन लीग जिंकली.

रानजाई :
कॉमिस्की कंजूष होता म्हणून पोरांनी सामने विकले, ही कथा आता येणारच. येण्याआधीच सांगते : त्या संघाचा पगारखर्च त्या काळच्या लीगमधल्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी होता, हे जुन्या पगारकार्डांवरून सिद्ध झालंय. आणि ३० विजयांवर सिकॉटला दहा हजारांचा बोनस कबूल होता, तो टाळण्यासाठी त्याला बसवला, ही तर निव्वळ लोणकढी. तिसाव्या विजयासाठी त्याला संधी मिळाली होती. गरिबीचं कारण देऊ नका.

शिकागोकर :
संघाचा खर्च मोठा, मान्य. पण वाटणी बघा. एडी कॉलिन्सला १५ हजार मिळत आणि जो जॅक्सनला ६ हजार. एकाच खोलीत कपडे बदलणाऱ्या दोन दिग्गजांत एवढी तफावत असेल तर खोलीत दोन तट पडणारच, आणि पडलेही होते. गँडिल (त्या आठांपैकी एक) आणि कॉलिन्स एकमेकांशी बोलत नसत. ग्लीसनला असा संघ चालवायचा होता.

डावखुरा :
माझा दुसरा प्रश्न तोच आहे. ग्लीसनला कळलं होतं का?

शिकागोकर :
संशय पहिल्या दोन सामन्यांतच आला. दुसऱ्यात लेफ्टी विल्यम्सने, ज्याचा नेम वाखाणला जायचा त्याने, एकाच इनिंगमध्ये तीन जणांना फुकट बेस दिला. ग्लीसनने शंका कॉमिस्कीच्या कानावर घातली. आता कॉमिस्कीने लीगच्या अध्यक्षाकडे जायला हवं. पण अध्यक्ष बॅन जॉन्सन, आणि या दोन जुन्या दोस्तांत विस्तव जात नव्हता. म्हणून तो दुसऱ्या लीगच्या अध्यक्षाकडे, हाइडलरकडे गेला, हाइडलर जॉन्सनकडे, आणि जॉन्सनने हरणाऱ्याची रडारड म्हणून झटकून टाकलं.

चौथ्या सामन्यात सिकॉटने एकाच इनिंगमध्ये स्वतः दोन चुका केल्या, सामना ०-२ गेला. आठव्यात विल्यम्स एक फलंदाज बाद करून चार हिट देऊन बसला, तेव्हा ग्लीसनने त्याला काढला. उशीर झाला होता. मालिका ५-३ ने गेली (त्या वर्षी जास्तीत जास्त नऊ सामन्यांची होती). विल्यम्स तिन्ही हरला. ग्लीसनने जिंकलेल्या तीनपैकी दोन सामने डिकी केरचे, जो पहिल्या वर्षाचा पोरगा होता आणि ज्याला कोणी कटात घेतलंच नव्हतं.

दोडका :
मला या माणसाबद्दल सहानुभूती वाटत नाही. संशय होता ना? मग १९२० चा अख्खा हंगाम त्याच लोकांना घेऊन का खेळला? गँडिल सोडला तर सगळे परत. ९६ सामने जिंकले, चार पिचरनी प्रत्येकी वीसच्या वर जिंकले, त्यांतले दोघे सिकॉट आणि विल्यम्स! सप्टेंबरअखेर ग्रँड ज्युरीसमोर सिकॉट आणि जॅक्सन बोलले नसते तर ग्लीसन पुन्हा वर्ल्ड सिरीज खेळला असता, त्याच सिकॉटला घेऊन. २००० साली क्रोनिए बोलला तेव्हाही हेच वाटलं होतं. ड्रेसिंगरूममध्ये इतके लोक असतात, कोणालाच काही दिसत नाही?

वसंतकाका_नाशिक :
दोडका, मी तीस वर्षं मास्तरकी केली. दहावीच्या वर्गावर देखरेख करताना तिसऱ्या बाकावर कॉपी चाललीय हे पाठीमागूनही कळतं. पण चिठ्ठी हातात सापडेपर्यंत मास्तराला पोराच्या बापासमोर काय दाखवता येतं?

दोडका :
काका, मग निदान त्या पोराला पहिल्या बाकावर तरी बसवता येतं. ग्लीसनने पहिल्या दोन सामन्यांनंतर सिकॉटला दोनदा खेळवलं, विल्यम्सलाही दोनदा.

निळी_छत्री :
दुसरा होता कोण? रेड फेबर, खरं तर भरवशाचा पिचर, फ्लूने आणि दुखापतीने आडवा झालेला. कॅचर रे शॉक पुढे म्हणायचा की फेबर धड असता तर हा कट जमलाच नसता. उरले केर आणि ज्यांच्यावर वर्ल्ड सिरीज सोपवता येत नाही असे दोघंतिघं. आणि सातवा सामना सिकॉटने जिंकून दिला, ४-१ ने. म्हणजे ग्लीसनला दिसत काय होतं? आज वाईट, परवा उत्तम. प्रत्येक पिचर मला तसाच दिसतो!

शिकागोकर :
आणि तो गप्प बसला नव्हता. मालिकेनंतर स्वतः ईस्ट सेंट लुईसला जाऊन, पैजेत पैसे बुडालेल्या माणसाला भेटून आला. माहिती कॉमिस्कीच्या हातात पोचली. तिचं काय करायचं हे मालकाच्या हातात, आणि मालकाला हा महागडा संघ मोडायचा नव्हता. माझा राग तिथे आहे, ग्लीसनवर नाही.

बाकी शेवट माहीतच आहे. २८ सप्टेंबर १९२० ला कबुलीजबाब, त्याच दिवशी सात जण निलंबित, हंगामाचे तीन सामने शिल्लक आणि क्लीव्हलँडशी अटीतटीची शर्यत. पुढच्या ऑगस्टमध्ये ज्युरीने सुटका केली आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा आयुक्त लँडिस याने आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. २०२५ च्या मे महिन्यात बेसबॉलने मृत खेळाडूंवरची बंदी उठवली. हयातीत कोणालाच काही मिळालं नाही.

माईणमुळा :
आणि ग्लीसन? तो काय करतो नंतर? सगळे आठ जणांचं पुराण लावतात, याचं कोणी सांगत नाही.

स्कोअरबुक :
राहिला तिथेच, उरलेल्या संघासह. १९२१ मध्ये ६२-९२, १९२२ मध्ये ७७-७७, १९२३ मध्ये ६९-८५, आणि मग सोडलं. मॅनेजर म्हणून एकूण ३९२-३६४. पिचर म्हणून १३८-१३१. दोन्हीकडे जिंकण्याचं पारडं किंचित जड, इतकंच.

पण मला विचाराल तर त्याचा खरा पेशा कोचचा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो घरी, फिलाडेल्फियात परतला, अ‍ॅथलेटिक्समध्ये कॉनी मॅकच्या हाताखाली. मॅक सूट-टाय घालून डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) बसणारा शांत माणूस, आणि पोरांना ओरडून, चिडवून, अंगावर चेंडू मारमारून इनफील्ड (बेसजवळचं क्षेत्ररक्षण) शिकवणारा साठीचा ग्लीसन. १९२९ आणि १९३० च्या दोन्ही वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या. १९२९ च्या चौथ्या सामन्यात शिकागो कब्ज ८-० पुढे होते आणि अ‍ॅथलेटिक्सने सातव्या इनिंगमध्ये दहा रन काढले! डगआउटमध्ये ग्लीसनबरोबर होता एडी कॉलिन्स, १९१९ च्या संघातला न विकलेला सेकंड बेसमन. व्हाइट सॉक्सची धुरा सांभाळून तोही इकडे आला होता. मला तो सामना त्या दोघांच्या बाजूने बघायला आवडला असता.

२ जानेवारी १९३३ ला ग्लीसन वारला, फिलाडेल्फियातच.

दोडका :
कोच म्हणून मोठा असेल, वाद नाही. मॅनेजर म्हणून १९२० बद्दल माझं मत तेच.

डावखुरा :
सगळ्यांचे आभार. चिरंजीवांना सांगितलं : नियम बदलला, हात थकला, राइट्झ पडला आणि बॅट चालली, या क्रमाने. त्याला छत्रीताईंचं सेकंड बेसच्या जवळच्या थ्रोचं पटलं, स्कोअरबुकचे पाच फूट जास्त पटले. लगेच अंगणात टेप घेऊन ५५ फूट ६ इंचांवर एक आणि ६० फूट ६ इंचांवर एक अशा दोन खुणा केल्यात. लिटल लीगचं अंतर ४६ फूट आहे, त्यामुळे दोन्हीकडून चेंडू टप्पा खातच पोचतोय. शेजारची कुत्री मजेत आहे.

निळी_छत्री :
डावखुरा, दिवसाला किती फेकतोय ते मोजा हं. त्या वयात कोपर फार नाजूक असतं. खुणा खरवडून टाका आणि त्याला ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) द्या.

वसंतकाका_नाशिक :
स्कोअरबुक, बार्ट किंगवर वेगळा धागा काढाल का? इथे अवांतर होतंय आणि माझ्याकडे रणजींच्या १८९९ च्या फिलाडेल्फिया दौऱ्याबद्दल बोलण्यासारखं बरंच आहे.

स्कोअरबुक :
काका, धागा तुम्हीच काढा. मी आकडे घेऊन येतो.

टकाटक :
मी शंका घेऊन येतो.